डेव्हलपर सर्टिफिकेशनची तयारी: ८० तासांचा हिशेब आणि चुकांची वही

४० तासांचा व्हिडिओ कोर्स संपवून पहिली सराव परीक्षा दिली आणि ५५ टक्के पडले, की बहुतेक जण दुसरा कोर्स शोधायला लागतात. कोर्स बहुधा ठीकच असतो. व्हिडिओत शिकवणारा एकेक पायरी उलगडत जातो, आपण मान डोलावतो, आणि विषय ओळखीचा झाला की तो आला असं वाटू लागतं. परीक्षेत चार पर्याय समोर येतात, चारही ओळखीचे, आणि त्यांतले तीन का नकोत हे दोन मिनिटांत ठरवायचं असतं. ही ठरवण्याची सवय बघून लागत नाही. प्रश्न सोडवावा लागतो, तो चुकावा लागतो, आणि तीच चूक ठरावीक दिवसांनी पुन्हा स्वतःला विचारावी लागते.

रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे प्रयोग करून दाखवलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो वाचून झाल्यावर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. अभ्यास करताना आपली फसगत होते ती त्या पाच मिनिटांमुळे: पान मिटलं की सगळं आठवतंय असं वाटतं, आणि त्यावर विश्वास ठेवून आपण पुढच्या धड्याकडे वळतो.

पुढचा आराखडा आठ आठवड्यांचा, आठवड्याला १० तासांचा, म्हणजे एकूण ८० तासांचा आहे. उदाहरणं मुख्यतः ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेच्या ‘एडब्ल्यूएस सर्टिफाइड डेव्हलपर – असोसिएट’ या परीक्षेच्या डीव्हीए-सी०२ आवृत्तीतली घेतली आहेत, कारण तिचा अधिकृत मार्गदर्शक तपशीलवार आणि मोफत आहे. जावा, कुबरनेटीज किंवा टेस्टिंगच्या परीक्षांना काय बदलावं लागतं ते पुढे येईल.

पहिला आठवडा: परीक्षेचा कागद आणि निदान

कोणत्याही व्हिडिओच्या आधी अधिकृत एक्झाम गाइड वाचा. डीव्हीए-सी०२ मध्ये १३० मिनिटांत ६५ प्रश्न असतात. त्यांपैकी ५० प्रश्नांचेच गुण धरले जातात. उरलेले १५ पुढच्या परीक्षांसाठी चाचपून बघितले जात असतात आणि ते कोणते हे कळत नाही. निकाल १०० ते १००० या पट्टीवर लागतो आणि पास व्हायला ७२० लागतात. ही पट्टी प्रश्नसंचाच्या काठिण्यानुसार जुळवलेली असते, त्यामुळे ७२० म्हणजे ७२ टक्के असं समीकरण मांडू नका. चुकीच्या उत्तराला उणे गुण नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. प्रत्येक विभागात वेगळं पास व्हावं लागत नाही, एकूण गुण बघितले जातात.

विभाग चार: सेवा वापरून डेव्हलपमेंट ३२ टक्के, सुरक्षा २६, डिप्लॉयमेंट २४, आणि बिघाड शोधणं व कामगिरी सुधारणं १८. प्रत्येक विभागाखाली अपेक्षित कौशल्यांची यादी असते. गाइड छापून घ्या आणि प्रत्येक ओळीसमोर तीनपैकी एक खूण करा: दुसऱ्याला समजावून सांगू शकतो, ऐकलंय, पाटी कोरी. दीड तासात हे काम होतं. गाइडच्या शेवटी परीक्षेच्या कक्षेत असलेल्या आणि नसलेल्या सेवांच्या याद्या असतात. नसलेल्यांची यादी जवळ ठेवा, ती कित्येक तास वाचवते. कोर्स बनवणारे पुष्कळदा कक्षेबाहेरचंही शिकवतात.

एक प्रशासकीय गोष्ट याच आठवड्यात उरकून टाका. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना एडब्ल्यूएसच्या इंग्रजी परीक्षेत ३० मिनिटं जादा मिळतात, पण ही सवलत परीक्षा बुक करण्याआधी आपल्या सर्टिफिकेशन खात्यातून मागून ठेवावी लागते. बुकिंग झाल्यावर ती त्या परीक्षेला लागत नाही. लांबलचक प्रसंग वाचून उत्तर द्यायच्या परीक्षेत ही ३० मिनिटं फार मोलाची आहेत. मागायला संकोच करू नका.

मग निदानासाठी ४० प्रश्नांचा मिश्र संच सोडवा, काहीही न वाचता. इथे कमी गुण पडणं अपेक्षितच आहे. एडब्ल्यूएसच्या स्किल बिल्डर या शिकवणीच्या संकेतस्थळावर २० प्रश्नांचा अधिकृत मोफत संच आहे, तो आत्ता वापरू नका. खऱ्या परीक्षेची भाषा त्यात नेमकी सापडते, म्हणून तो सातव्या आठवड्यासाठी राखून ठेवा. निदानाला दुसरा कुठलाही बरा संच चालेल.

तास कसे वाटायचे

बहुतेक जण विभागाच्या वजनानुसार वेळ वाटतात आणि तिथेच गणित चुकतं. वजनासोबत तुमची उणीवही धरायला हवी. समजा निदानात चार विभागांत अनुक्रमे ७०, ४०, ५० आणि ५५ टक्के मिळाले. मग प्रत्येक विभागाची उणीव ३०, ६०, ५० आणि ४५. वजनाला उणिवेने गुणा: ३२ गुणिले ३० म्हणजे ९६०, २६ गुणिले ६० म्हणजे १५६०, २४ गुणिले ५० म्हणजे १२००, १८ गुणिले ४५ म्हणजे ८१०. बेरीज ४५३०. पहिल्या आठवड्याचे १० आणि शेवटच्या टप्प्याचे २५ तास बाजूला काढले की नव्या अभ्यासाला ४५ तास उरतात. ते या प्रमाणात वाटले तर डेव्हलपमेंटला साडेनऊ, सुरक्षेला साडेपंधरा, डिप्लॉयमेंटला १२ आणि शेवटच्या विभागाला आठ तास येतात.

सर्वांत जड विभागाला इथे सुरक्षेपेक्षा सहा तास कमी मिळाले. आवडीचा आणि रोजच्या कामातला विषय पुन्हा पुन्हा उघडण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि हा कागद भिंतीवर लावलेला असला तर तो आवरता येतो. मात्र ४० प्रश्नांच्या संचात एका विभागाच्या वाट्याला जेमतेम सात ते तेरा प्रश्न येतात, त्यामुळे हे आकडे ढोबळ आहेत. चौथ्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा मोजा आणि उरलेले तास नव्याने वाटा.

रोजची ७५ मिनिटं

सोमवार ते शुक्रवार रोज सव्वा तास, शनिवारी सुट्टी, रविवारी पावणेचार तास. हे १० तास होतात. शनिवारची सुट्टी काढून टाकू नका. आठवड्यात एखादा दिवस हुकतोच, आणि तो भरून काढायला शनिवार लागतो. जिथे राखीव दिवसच नाही असा आराखडा पहिल्या हुकलेल्या दिवशी कोसळतो, आणि मग माणूस आराखडाच सोडून देतो.

सव्वा तासाची मांडणी अशी. पहिली दहा मिनिटं कोऱ्या कागदावर कालचा विषय आठवून लिहायचा, काहीही न उघडता. आकृती काढली तरी चालेल, आठवलं नाही तिथे जागा मोकळी सोडायची. पुढची ३५ मिनिटं नवीन विषय: १५ मिनिटं वाचन किंवा व्हिडिओ, २० मिनिटं तीच गोष्ट कन्सोलवर किंवा कमांड लाइनवर करून बघणं. नंतर २० मिनिटांत दहा प्रश्न. शेवटची दहा मिनिटं चुकांच्या वहीला.

दहा प्रश्नांपैकी सहाच आजच्या विषयावरचे असू द्या, चार आधीच्या आठवड्यांतले मिसळा. एकाच विषयाचे दहा प्रश्न सलग सोडवले की उत्तर त्या विषयातलंच असणार हे आधीच माहीत असतं, आणि परीक्षेत जे सगळ्यात अवघड आहे, म्हणजे प्रश्न कोणत्या सेवेचा आहे हे ओळखणं, त्याचा सरावच होत नाही. मिसळलेल्या संचात गुण कमी पडतात आणि मन खट्टू होतं. तरी संच मिसळलेलाच घ्या.

वेळ कमी पडला तर व्हिडिओ कापा. प्रश्न आणि वही कापू नका.

चुकांची वही

या सगळ्या तयारीतली एकच गोष्ट पाळायची असेल तर ही पाळा. कागदी वही घ्या किंवा स्प्रेडशीट, पण प्रत्येक चुकीच्या उत्तराला एक ओळ हवी. अंदाजाने बरोबर आलेल्या उत्तरालाही हवी. म्हणून प्रश्न सोडवताना प्रत्येक उत्तरापुढे ‘खात्री’ किंवा ‘अंदाज’ असं लिहायची सवय लावा. अंदाजाने मिळालेला गुण परीक्षेच्या दिवशी मिळेलच याचा भरवसा नाही.

ओळीत सहा गोष्टी: तारीख, विभाग, मी काय निवडलं आणि का निवडलं, बरोबर नियम एका वाक्यात, चूक कोणत्या प्रकारची, आणि पुन्हा विचारायच्या तारखा. तिसरा रकाना सगळे टाळतात आणि सगळी किंमत त्यातच आहे. नुसतं बरोबर उत्तर लिहून ठेवलं तर चुकीचा विचार डोक्यात तसाच राहतो आणि पुढच्या वेळी पुन्हा वर येतो.

एक नोंद जवळून बघू. प्रश्न असा: डायनॅमोडीबी या एडब्ल्यूएसच्या डेटाबेसमधल्या टेबलात प्रत्येक आयटम सहा केबीचा आहे. सेकंदाला दहा स्ट्राँगली कन्सिस्टंट रीड (नेहमी ताजंच मूल्य देणारं वाचन) करायचे आहेत. किती रीड कपॅसिटी युनिट लागतील? एका युनिटमध्ये सेकंदाला चार केबीपर्यंतचा एक स्ट्राँगली कन्सिस्टंट रीड बसतो. उमेदवाराने सहा गुणिले दहा म्हणजे ६०, भागिले चार, असं करून १५ निवडलं. बरोबर उत्तर २० आहे. पूर्णांकात वर ढकलणं प्रत्येक आयटमला आधी करायचं असतं: सहा केबीला दोन युनिट, मग दोन गुणिले दहा. ‘का निवडलं’ या रकान्यात इथे लिहायचं: एकूण केबी काढून शेवटी भागलं. नियम: आधी आयटम वर ढकला, मग गुणा. याच नोंदीखाली तीन जोडप्रश्न स्वतःच लिहा. इव्हेंच्युअली कन्सिस्टंट (कधी थोडं जुनं मूल्यही देणारे) असते तर? निम्मे, म्हणजे १०. ट्रान्झॅक्शनल (सगळे एकत्र, नाहीतर एकही नाही) असते तर? दुप्पट, म्हणजे ४०. दीड केबीचे दहा राइट असते तर? राइट युनिट एक केबीचं असतं, म्हणून दोन गुणिले दहा, २०. एका चुकीतून चार प्रश्न हाताशी आले, आणि हा प्रकार पुन्हा चुकण्याची शक्यता फार कमी उरली.

चुकांचे प्रकार चार पुरतात, आणि प्रत्येकावर उपाय वेगळा आहे. माहितीच नव्हती: तो भाग वाचा आणि कार्ड बनवा. गल्लत झाली, म्हणजे दोन सारख्या गोष्टींत घोटाळा: दोघांची तुलना लिहा. वाचण्यात चूक, म्हणजे प्रश्नातली अट नजरेतून सुटली: ती अट जशीच्या तशी वहीत उतरवा. आणि आधी बरोबर निवडून नंतर बदललं: बदलण्याचं कारण लिहा. रविवारी प्रकारवार बेरीज करा. वाचण्यातल्या चुका एक तृतीयांशाहून जास्त असतील तर आणखी कितीही अभ्यास केला तरी गुण फारसे वाढणार नाहीत. तिथे वेग कमी करावा लागतो.

पुन्हा विचारायच्या तारखा चार ठेवा: दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी. उत्तर झाकून नियम तोंडाने किंवा कागदावर सांगायचा. चुकला तर त्या नोंदीचा क्रम पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू.

आकडे आणि मर्यादांसाठी अंकीसारखं फ्लॅशकार्ड ॲप बरं पडतं. एका कार्डावर एकच गोष्ट. लॅम्डाचा (सर्व्हर न सांभाळता कोड चालवणारी सेवा) कमाल टाइमआउट १५ मिनिटं आणि डिफॉल्ट तीन सेकंद ही दोन कार्डं आहेत. एसक्यूएसमध्ये (संदेशांची रांग सांभाळणारी सेवा) संदेश डिफॉल्ट चार दिवस राहतो आणि जास्तीत जास्त १४ दिवस, ही आणखी दोन. केएमएसला (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणारी सेवा) थेट जास्तीत जास्त चार केबी डेटा एन्क्रिप्ट करायला देता येतो, त्याहून मोठ्याला एन्व्हलप एन्क्रिप्शन (डेटाला वेगळी किल्ली, आणि त्या किल्लीला केएमएसची) लागतं: हे एकच कार्ड, कारण मर्यादा आणि तिचा परिणाम बरोबरच आठवायला हवेत. रोज दहापेक्षा जास्त नवी कार्डं घालू नका. रोज ३० घातली तर दहाव्या दिवशी नुसती उजळणीच पाऊण तास खाते आणि ॲप उघडणंच बंद होतं. दुसऱ्याने बनवलेल्या हजार कार्डांचा तयार गठ्ठाही घेऊ नका. कार्ड बनवताना जो विचार होतो त्यातच अर्धी उजळणी होऊन जाते.

हात बसला पाहिजे

प्रत्यक्ष कामासाठी एडब्ल्यूएसचं स्वतंत्र खातं उघडा. पहिल्याच दिवशी रूट युझरला (खात्याचा सर्वाधिकारी) मल्टी-फॅक्टर ऑथेंटिकेशन लावा आणि बजेटचा इशारा अगदी छोट्या रकमेवर ठेवा. इशारा फक्त कळवतो, खर्च आपोआप थांबवत नाही, म्हणून प्रत्येक सत्राच्या शेवटी बनवलेलं सगळं पुसायचं. नॅट गेटवे (खासगी नेटवर्कमधून इंटरनेटकडे जायची वाट) आणि चालू ठेवलेले डेटाबेस इन्स्टन्स हे नेहमीचे गुन्हेगार. वापर नसला तरी त्यांचे तासागणिक पैसे लागतात.

ट्यूटोरियल बघून लॅब केली तर ती टाइपिंगची प्रॅक्टिस होते. तीच लॅब तिसऱ्या दिवशी ट्यूटोरियल बंद करून करा, फक्त अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडं ठेवून. अडाल तिथेच तुमचं अज्ञान नेमकं सापडतं. आणि चालू झालेली गोष्ट मुद्दाम मोडा, कारण परीक्षेतले पुष्कळ प्रश्न ‘हे असं का बिघडलं’ याच प्रकारचे असतात.

एसक्यूएसचं उदाहरण घ्या. ‘तोच संदेश दोनदा प्रोसेस होतोय’ हा प्रश्न नेहमीचा. रांगेचा व्हिजिबिलिटी टाइमआउट, म्हणजे एकाने उचललेला संदेश इतरांपासून लपून राहण्याचा वेळ, पाच सेकंद ठेवा (डिफॉल्ट ३० असतो). आपल्या संगणकावर एक छोटा प्रोग्राम लिहा: संदेश घ्या, २० सेकंद थांबा, मग तो पुसा. हा प्रोग्राम दोन टर्मिनलमध्ये एकाच वेळी चालवा आणि रांगेत एकच संदेश टाका. पहिल्या टर्मिनलने घेतलेला संदेश पाच सेकंदांनी पुन्हा दिसू लागतो आणि दुसरं टर्मिनल तोच उचलतं. आता टाइमआउट ६० करा आणि फरक बघा. मग हीच रांग २० सेकंद टाइमआउटच्या लॅम्डा फंक्शनला जोडायचा प्रयत्न करा, व्हिजिबिलिटी पुन्हा पाच ठेवून. जोडणीच नाकारली जाते आणि संदेशात कारण लिहिलेलं असतं: रांगेचा टाइमआउट फंक्शनच्या टाइमआउटपेक्षा कमी आहे. फंक्शनच्या टाइमआउटच्या किमान सहापट ठेवा अशी अधिकृत शिफारस आहे. अर्ध्या तासाचं काम, पण पाठ करावं लागत नाही आणि विसरताही येत नाही.

असेच आणखी प्रयोग: आयएएम (कोणाला काय करता येईल ते ठरवणारी सेवा) पॉलिसीतली एक परवानगी काढून लॉगमध्ये काय दिसतं ते बघणं, अलाऊ आणि एक्सप्लिसिट डिनाय एकत्र लावून डिनाय कसा वरचढ ठरतो ते बघणं, फंक्शनची मेमरी १२८ एमबीवरून १०२४ वर नेऊन लागलेला वेळ मोजणं. मेमरीबरोबर सीपीयूही वाढतो, म्हणून गणनाप्रधान फंक्शन झटक्यात वेगवान होतं. कामगिरीच्या विभागात या माहितीचा थेट उपयोग होतो.

प्रश्न कसा वाचायचा

सुरुवात शेवटच्या वाक्यापासून करा. काय विचारलंय आणि कोणत्या अटीवर, हे तिथे असतं: लीस्ट ऑपरेशनल ओव्हरहेड, मोस्ट कॉस्ट-इफेक्टिव्ह, कोड न बदलता, दोन पर्याय निवडा. मग प्रसंग वाचा, आणि मग पर्याय.

सराव करताना निवडक प्रश्नांवर एक जादा काम करा, खरी समज त्यातूनच येते. रोजच्या २० मिनिटांत ते बसत नाही, म्हणून रविवारच्या लांब सत्रात करा. चुकीच्या प्रत्येक पर्यायाला विचारा: प्रश्नात काय बदललं असतं तर हा बरोबर ठरला असता? समजा, ॲप्लिकेशनला डेटाबेसचा पासवर्ड लागतो, तो दर ३० दिवसांनी आपोआप बदलला पाहिजे, आणि अट आहे कमीत कमी देखभालीची. उत्तर सीक्रेट्स मॅनेजर (पासवर्ड साठवणारी सेवा), कारण पासवर्ड फिरवण्याची सोय त्यात अंगभूत आहे. पॅरामीटर स्टोअर या सेटिंग साठवणाऱ्या सेवेचा सिक्युअर स्ट्रिंग (एन्क्रिप्ट केलेलं मूल्य) हा पर्याय गाळताना तिथेच थांबू नका. पासवर्ड फिरवण्याची अट नसती आणि ‘सर्वांत कमी खर्च’ असं म्हटलं असतं, तर हाच बरोबर ठरला असता, कारण स्टँडर्ड पॅरामीटर साठवायला वेगळे पैसे लागत नाहीत. लॅम्डाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवायचा पर्याय? साठवलेलं मूल्य एन्क्रिप्ट असतं, पण बदल करायचा तर दर वेळी फंक्शनचं कॉन्फिगरेशन हलवावं लागतं. अशा रीतीने एका प्रश्नाला आठ मिनिटं लागतात आणि त्यात चार प्रश्न शिकून होतात. सरावसंचातले थोडे प्रश्न असे सोडवणं हे हजार प्रश्न नुसते टिकमार्क करून संपवण्यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगी आहे.

गल्लत होणाऱ्या जोड्यांची वेगळी पानं करा: कॉग्निटोचा युझर पूल आणि आयडेंटिटी पूल, एसक्यूएस आणि किनेसिस, क्लाउडवॉच आणि एक्स-रे, कोडडिप्लॉयचं इन-प्लेस आणि ब्लू-ग्रीन. प्रत्येक पानावर एकच वाक्य: ‘हा निवडायचा जेव्हा...’

परीक्षा वेगळी असेल तर

ओरॅकलच्या जावा एसई १७ डेव्हलपर परीक्षेत ९० मिनिटांत ५० प्रश्न आहेत आणि पास व्हायला ६८ टक्के लागतात, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट ४८ सेकंद. इथे कोड वाचून काय छापलं जाईल ते सांगायचं असतं, आणि ‘कंपाइल होणार नाही’ हा पर्याय वारंवार भेटतो. आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) चूक आपोआप लाल करते, म्हणून नजर आळशी होते. सराव साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये किंवा कागदावर करा, उत्तर लिहा, आणि मगच कंपाइल करा. १२७ या मूल्याचे दोन इंटिजर ऑब्जेक्ट ऑटोबॉक्सिंगने बनवून दोन बरोबरच्या चिन्हांनी ताडले तर उत्तर ट्रू येतं, १२८ चे ताडले तर सामान्यतः फॉल्स. उणे १२८ ते १२७ मधले ऑब्जेक्ट कॅशमधून मिळतात म्हणून. स्ट्रीमवर टर्मिनल (शेवटचं, निकाल काढणारं) ऑपरेशन नसेल तर ‘पीक’ ही मेथड काहीच छापत नाही. अशा जागांची यादी बनवा आणि प्रत्येकीचा पाच ओळींचा प्रोग्राम स्वतः लिहा.

कुबरनेटीजची (कंटेनर चालवणारी प्रणाली) सीकेएडी ही डेव्हलपर परीक्षा पूर्णपणे प्रात्यक्षिक आहे: दोन तास, टर्मिनलवर कामं, पास व्हायला ६६ टक्के, आणि अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडायची मुभा. इथे ज्ञान असूनही वेळ संपतो. फाइल हाताने शून्यातून टाइप करू नका. क्यूबसीटीएल या कमांडच्या क्रिएट किंवा रनला क्लायंट ड्राय-रन (प्रत्यक्ष काही न बनवता) लावून यॅमल फाइलचा सांगाडा काढा आणि तोच सुधारा. कामाच्या सुरुवातीला योग्य मशीन आणि नेमस्पेस (क्लस्टरमधला कप्पा) तपासणं ही सवय अंगवळणी पाडा. चुकीच्या नेमस्पेसमध्ये केलेल्या बिनचूक कामाला शून्य गुण मिळतात. नोंदणीसोबत सिम्युलेटरची दोन सत्रं मिळतात. पहिलं पाचव्या-सहाव्या आठवड्यात वापरा, दुसरं परीक्षेच्या चार-पाच दिवस आधी.

टेस्टिंगच्या आयएसटीक्यूबी फाउंडेशन लेव्हल परीक्षेला ६० मिनिटांत ४० प्रश्न आणि पास व्हायला २६ गुण. मातृभाषेत परीक्षा नसेल तर २५ टक्के वेळ जादा. इथे रोजच्या कामातले शब्द चालत नाहीत, अभ्यासक्रमातली व्याख्याच चालते. एरर, डिफेक्ट आणि फेल्युअर हे ऑफिसात एकाच अर्थाने वापरले जातात. परीक्षेत ते तीन वेगळे आहेत. अनुभवी टेस्टर अनुभवाच्या भरवशावर जातात आणि नेमके इथे घसरतात.

शेवटचे अडीच आठवडे

पूर्ण लांबीच्या सराव परीक्षा तीन पुरेत, पण तिन्ही न बघितलेल्या हव्यात. तोच संच दुसऱ्यांदा दिला तर ८५ टक्के पडतात आणि त्यांतला मोठा वाटा प्रश्न आठवल्याचा असतो. परीक्षा ज्या वेळेला आहे त्याच वेळेला बसा, फोन दुसऱ्या खोलीत, मध्ये थांबायचं नाही. पहिली सहाव्या आठवड्याच्या मध्यावर, दुसरी सातव्याच्या सुरुवातीला, तिसरी परीक्षेच्या पाच दिवस आधी. दर परीक्षेनंतर चुका तपासायला परीक्षेला लागला त्याच्या दुप्पट वेळ ठेवा, आणि तो दुसऱ्या दिवशी. थकलेल्या डोक्याने तपासलेल्या चुका नुसत्या डोळ्यांखालून जातात.

वेळेची शिस्त याच परीक्षांत बसवा. ६५ प्रश्नांची पहिली फेरी ९० मिनिटांत संपवायची. दीड मिनिटात दिशा सापडली नाही तर सर्वांत बरा पर्याय निवडा, खूण करा, पुढे जा. दुसऱ्या फेरीत फक्त खुणा केलेले प्रश्न. पहिलं उत्तर बदलायचं ते प्रश्नातली सुटलेली अट सापडली तरच. नुसती शंका आली म्हणून बदलू नका. अनेक उत्तरांच्या प्रश्नात सगळे योग्य पर्याय निवडले तरच गुण मिळतात, म्हणून ‘दोन निवडा’ की ‘तीन निवडा’ हे दोनदा वाचा.

दोन अनोळखी संचांत सलग ८० टक्क्यांच्या वर आणि कोणत्याही विभागात ७० च्या खाली नाही, अशी स्थिती आली की तयारी झाली समजा. ७५ वर अडकलात तर तारीख पुढे ढकला. एडब्ल्यूएसची परीक्षा २४ तास आधीपर्यंत बदलता येते, एका बुकिंगला दोनदा. म्हणून तारीख पाचव्या आठवड्यातच घेऊन ठेवलेली बरी; डोळ्यांसमोर तारीख नसली की अभ्यास पसरत जातो.

‘खऱ्या परीक्षेतले प्रश्न’ म्हणून विकले जाणारे डंप घेऊ नका. ते उमेदवाराने मान्य केलेल्या कराराचा भंग आहेत, प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं, आणि त्यांतली उत्तरंही पुष्कळदा चुकीची असतात.

शेवटच्या चार दिवसांत नवा विषय उघडू नका. चुकांची वही पहिल्या पानापासून, जोड्यांची पानं, आकड्यांची कार्डं, बस. आदल्या संध्याकाळी वही मिटा आणि पुरेशी झोप घ्या.

घरून ऑनलाइन परीक्षा देणार असाल तर सिस्टिम टेस्ट त्याच संगणकावर, त्याच इंटरनेटवर, त्याच खोलीत आठवडाभर आधी करा. ऑफिसचा लॅपटॉप टाळा. व्हीपीएन, फायरवॉल किंवा मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर परीक्षेचा ब्राउझर अडवतं आणि ॲडमिन हक्क नसल्याने ते ऐन वेळी बंद करता येत नाही. ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव तंतोतंत जुळतंय का ते बुकिंगच्या दिवशीच बघा. टेबल पूर्ण मोकळं, दुसरा मॉनिटर काढलेला, खोलीत दुसरं कोणी नाही. चेक-इन अर्धा तास आधी सुरू करा. प्रश्न पुटपुटत वाचायची सवय असेल तर ती सरावातच मोडा. प्रॉक्टर (ऑनलाइन नजर ठेवणारा पर्यवेक्षक) हटकतो आणि लक्ष विचलित होतं. मध्येच भलताच अनोळखी प्रश्न आला तर तो गुण न धरल्या जाणाऱ्या १५ पैकी असू शकतो. उत्तर द्या आणि पुढे जा, त्याच्यामागे पाच मिनिटं घालवू नका.

नापास झालात तर एडब्ल्यूएसमध्ये पुन्हा बसायला १४ दिवस थांबावं लागतं. परीक्षा संपल्यावर अर्ध्या तासात, आठवतंय तोवर, ज्या विषयांवर अडलात त्यांची नावं लिहून काढा. प्रश्न उतरवायचे नाहीत, करारात ते बसत नाही, फक्त विषय. मग निकालपत्रातला विभागवार तक्ता घ्या. ज्या विभागांत सुधारणा हवी असं लिहिलंय ते तुमच्या यादीशी जोडा आणि तास वाटायचं तेच गणित २० तासांसाठी पुन्हा मांडा. पहिले दहा दिवस प्रयोग आणि दहा-दहा प्रश्न, अकराव्या दिवशी एक नवी पूर्ण सराव परीक्षा, बाराव्या दिवशी तिच्या चुका, आणि त्या चुका बघून मगच नवी तारीख बुक करा.